मैदान आणि मस्टर : मुंबई उपनगरांतील महिला खेळाडूंच्या कारकिर्दीचा इतिहास

स्पेनमधील एखादी बास्केटबॉलपटू आणि घाटकोपरमधील एखादी कबड्डीपटू या दोघींच्याही बाबतीत ‘कारकीर्द’ हाच शब्द वापरला जात असला, तरी त्या कारकिर्दीचा पोटापाण्याचा आधार दोन ठिकाणी इतका वेगळा आहे की, त्या आधाराचा इतिहास तपासल्याशिवाय दोघींची तुलना करता येत नाही. स्पेनमध्ये महिलांची राष्ट्रीय बास्केटबॉल लीग १९६४ मध्ये सुरू झाली आणि पुढील काळात खेळाडू व क्लब यांच्यातील ठरावीक मुदतीचा, ठरावीक मानधनाचा करार हाच तेथील खेळाडूच्या आयुष्याचा कणा ठरला. १९७६ मध्ये जन्मलेल्या अमाया वाल्देमोरो यांनी १९९८ ते २००० या तीन हंगामांत अमेरिकेतील ह्यूस्टन कॉमेट्स संघाबरोबर सलग तीन विजेतेपदे मिळवली, मायदेशातील आणि रशियातील क्लबांकडून खेळत २०१३ मध्ये स्पेनला युरोपीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघाचे नेतृत्व केले आणि त्याच वर्षी निवृत्ती पत्करली. या साऱ्या प्रवासात त्यांची ओळख खेळाडू हीच होती आणि उत्पन्नही खेळातूनच येत होते. मुंबईच्या उपनगरांत मात्र गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ महिला खेळाडूची कारकीर्द उभी राहिली ती नोकरीवर, म्हणजे रेल्वे, बँक किंवा शासकीय खात्यातील हजेरीपटावर, ज्याला मुंबईत सर्रास मस्टर म्हणतात, नाव लागण्यावर. या नोकरीने उपनगरी मुलींना खेळण्याची मुभा मिळवून दिली आणि तिनेच त्यांच्या खेळाला मर्यादाही घातल्या.

बास्केटबॉल हा खेळ उपनगरांत फारसा का रुजला नाही, हे आधी पाहणे उपयुक्त ठरेल. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे हा खेळ तयार केला आणि १८९३ मध्ये सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ कॉलेजात बदललेल्या नियमांनुसार विद्यार्थिनींचा सामना भरवला. म्हणजे जन्मानंतर दोनच वर्षांत तो मुलींचाही झाला होता. भारतात तो प्रामुख्याने वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेमार्फत पसरला. मुंबईत त्याची खरी ठाणी नागपाडा आणि माटुंगा ही बेटावरची, म्हणजे शहर विभागातली राहिली. अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुनतसीर हे नागपाड्याच्याच मैदानावर घडले. बास्केटबॉलला पक्क्या पृष्ठभागाचे कोर्ट, दोन्ही टोकांना खांब व फळ्या आणि वर्षभर त्यांची देखभाल करणारी संस्था लागते, आणि १९५० नंतर घाईघाईने वस्ती वाढत गेलेल्या उपनगरांत ही व्यवस्था मोजक्या शाळा आणि जिमखान्यांपलीकडे गेली नाही. कबड्डीला मोकळी जागा, लाल माती आणि रेषा आखायला फक्की एवढे पुरे होते, आणि हे तिन्ही उपनगरांत मिळत होते.

उपनगरे मुंबईत सामील झाली ती दोन टप्प्यांत : १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत वाढवण्यात आली. त्यापाठोपाठ घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात आणि पश्चिमेकडे अंधेरी, कांदिवलीपर्यंत कारखाने उभे राहिले, गृहनिर्माण मंडळाने विक्रोळीत कन्नमवार नगर, घाटकोपरात पंतनगर अशा वसाहती बांधल्या आणि कोकण व घाटमाथ्यावरून गिरणगावात आलेल्या कुटुंबांची पुढची पिढी या वसाहतींत व आसपासच्या चाळींत राहायला आली. त्यांच्याबरोबर हुतुतू, म्हणजेच कबड्डीही आली. या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रातील संस्थांनी बांधून दिले होते, १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने त्याची मोठी स्पर्धा भरवली होती आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो परदेशात दाखवला होता. कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला, पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये आणि महिलांची १९५५ मध्ये सुरू झाली. महिलांच्या बास्केटबॉलची पहिली जागतिक स्पर्धा १९५३ मध्ये चिलीत झाली, हे लक्षात घेतले तर कबड्डीच्या संघटकांनी मुलींना आपल्या खेळात स्थान द्यायला काही उशीर केला नव्हता, हे मान्य करावे लागते. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी, ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, जिल्हा, राज्य आणि देश अशी पायरीपायरीची रचना उभी केली, आणि त्या रचनेत मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन स्वतंत्र घटक झाले. प्रशासनाच्या पातळीवर मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला.

उपनगरातील मुलगी या खेळात शिरते ती मंडळाच्या दारातून. मंडळ म्हणजे बहुधा वस्तीतील व्यायामशाळा किंवा सार्वजनिक गणेशोत्सव चालवणारे कार्यकर्ते यांनीच चालवलेला नोंदणीकृत क्रीडासंघ. त्याला ना मालक असतो, ना पगारी प्रशिक्षक, आणि त्याचा खर्च वर्गणी, स्थानिक पुढाऱ्याची देणगी व स्पर्धांतील बक्षिसांची रक्कम यांतून भागतो. पाऊस संपला की मैदानावरची माती उकरून, चाळून, पाणी मारून रोलरने बसवली जाते, संध्याकाळी शाळा-कॉलेज व घरकाम आटोपून मुली सरावाला येतात आणि दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत प्रकाशझोतातील स्पर्धांचा हंगाम चालतो. शिकवणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा मंडळाचाच जुना खेळाडू, जो स्वतः दिवसभर नोकरी करून संध्याकाळी एक पैसा न घेता मैदानात उभा राहतो. महिला कबड्डीच्या इतिहासात या माणसांची नावे फारशी नोंदली गेली नाहीत, ही उणीव खरोखरच खेदाची आहे. कारण पुढे बँकेने किंवा रेल्वेने जी खेळाडू निवडली, ती घडवण्याचा सगळा खर्च या मंडळांनी आणि मुलींच्या घरच्यांनी सोसलेला होता.

हा खेळ शरीराकडून आणि बुद्धीकडून काय मागतो, हे एका चढाईवरून स्पष्ट होते. महिलांचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते आणि प्रत्येक बाजूला सात खेळाडू उभ्या राहतात. चढाई करणारी खेळाडू ‘कबड्डी कबड्डी’ असा अखंड उच्चार करत, म्हणजे दम न सोडता, मध्यरेषा ओलांडते. तिला ३० सेकंदांत परतायचे असते आणि प्रतिस्पर्ध्याला स्पर्श न करता परत यायचे तर मध्यरेषेपासून ३ मीटरवरची निदान रेषा तरी ओलांडावीच लागते, नाहीतर ती बाद ठरते. त्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तर तीपलीकडे एक पाय टेकवून दुसरा अधांतरी ठेवला की एक गुण मिळतो. नेमक्या याच क्षणी, तिचा तोल एका पायावर असताना, कोपऱ्यातील बचावपटू खाली झेपावून तिच्या घोट्याचा पट काढते, शेजारची तिच्या कमरेला विळखा घालते आणि आणखी दोघींनी धरलेल्या हातांची साखळी परतीची वाट अडवते. चढाई करणारीला हे सारे घडण्याआधी कोपऱ्यातील मुलीच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखावे लागते. पूर्ण संघ बाद झाला की लोण चढतो आणि दोन जादा गुण मिळतात. उलट तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी चढाई रोखली तर त्या अव्वल पकडीचा एक जादा गुण असतो. गुडघा, घोटा आणि खांदा या तीन सांध्यांवर या खेळाचा सर्वाधिक भार येतो, आणि मंडळाच्या पातळीवर दुखापतीचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘घरच्यांनी’ एवढेच असते.

येथेच नोकरीचा प्रश्न येतो. मुंबईतील पुरुषांची कबड्डी गिरण्या, गोदी आणि कारखाने यांच्या संघांवर वाढली होती. स्पर्धांमध्ये वस्तीतील मंडळांचा स्थानिक गट आणि आस्थापनांच्या संघांचा व्यावसायिक गट अशी विभागणी असे, आणि व्यावसायिक खेळाडू याचा अर्थ कंपनीने नोकरीला ठेवलेला खेळाडू असा होता. गिरण्यांनी आणि उपनगरांतील कारखान्यांनी महिलांचे संघ मात्र क्वचितच उभे केले. ती पोकळी रेल्वेने आणि काही प्रमाणात बँकांनी भरून काढली. रेल्वेचे क्रीडा मंडळ १९२८ पासून काम करत होते, राष्ट्रीय स्पर्धांत भारतीय रेल्वेचा संघ राज्यांप्रमाणेच स्वतंत्र घटक म्हणून उतरत असे, आणि पश्चिम व मध्य या दोन्ही रेल्वेंची मुख्यालये मुंबईतच होती. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखा वाढल्या, कर्मचारीवर्ग वाढला आणि त्यांतील काहींनी क्रीडासंघही ठेवले. देना बँकेचा महिला कबड्डी संघ मुंबईच्या मैदानांवर दीर्घकाळ दबदबा राखून होता.

उपनगरी मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबांच्या दृष्टीने या नोकऱ्यांचे मोल केवळ पगारात मोजता येणार नाही. मुलगी रात्री उशिरापर्यंत मैदानावर असते, परगावी स्पर्धेला जाते, अंगावर जखमा घेऊन येते, या साऱ्याला घरातून होणारा विरोध ‘खेळातून नोकरी लागते’ या एका वाक्याने मवाळ होत असे. लग्नाच्या बोलणीतही खेळाडू या ओळखीपेक्षा रेल्वेतील कायम नोकरी ही ओळख वजनदार ठरत असे, आणि लग्नानंतर सासरच्यांनी खेळ थांबवायला सांगितला तरी नोकरी थांबवायला सांगणे सहसा परवडत नसे. त्यामुळे नोकरीच्या आडोशाने खेळही काही वर्षे जास्त टिकला. ज्या काळात महिलांच्या खेळाला प्रेक्षक, प्रायोजक आणि वृत्तपत्रांतील जागा जवळजवळ नव्हतीच, त्या काळात या व्यवस्थेने शेकडो घरांत मुलींना खेळू दिले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे.

पण या व्यवस्थेची किंमतही खेळाडूच मोजत होत्या. बोरिवली चर्चगेटपासून सुमारे ३४ किलोमीटरवर आणि मुलुंड छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ३१ किलोमीटरवर आहे; पहाटे सराव, मग गर्दीच्या वेळी लोकल, कार्यालयातील अर्धा किंवा पूर्ण दिवस, पुन्हा लोकल आणि संध्याकाळी मंडळाचा सराव, असा दिनक्रम खेळाडू वर्षानुवर्षे पाळत. चर्चगेट ते बोरिवली या मार्गावर पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी केवळ महिलांसाठी लोकल सुरू केली, ती नोकरदार स्त्रियांच्या याच लोंढ्यासाठी, आणि या लोंढ्यात खेळाचे किट खांद्याला लावलेल्या मुलीही होत्या. दुसरी किंमत अधिक गुंतागुंतीची होती. उपनगरच्या जिल्हा संघातून पुढे येऊन महाराष्ट्राच्या संघात पोचलेली मुलगी रेल्वेत लागली की राष्ट्रीय स्पर्धेत ती महाराष्ट्राविरुद्ध उभी राहत असे. राष्ट्रीय अजिंक्यपदावर भारतीय रेल्वेच्या महिलांनी कित्येक वर्षे जे वर्चस्व गाजवले, त्यात राज्यांनी घडवलेल्या खेळाडूंचा मोठा वाटा होता. महाराष्ट्र मात्र खेळाडू घडवूनही विजेतेपदाच्या शर्यतीत मागे पडत गेला. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेला अंतिम फेरीत हरवले ते हिमाचल प्रदेशाने, जेथे धरमशाला येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात मुलींना निवासी प्रशिक्षण मिळते. उपनगरांत अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, मुलुंडचे प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडा संकुल आणि कांदिवलीतील क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र अशा मोठ्या वास्तू असूनही महिला कबड्डीचा पाया मंडळांच्या मातीवरच राहिला, याला क्रीडा प्रशासनाची उदासीनता कारणीभूत आहे.

आंतरराष्ट्रीय मान्यता महिलांना बरीच उशिरा मिळाली. पुरुषांची कबड्डी १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकाचा खेळ झाली, महिलांची त्यानंतर २० वर्षांनी, २०१० च्या ग्वांगझू स्पर्धेत, जेथे भारताने अंतिम सामन्यात थायलंडला २८-१४ असे हरवले. मधल्या दोन दशकांत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने राष्ट्रीय स्पर्धा, शिवछत्रपती पुरस्कार आणि क्वचित अर्जुन पुरस्कार आले. मार्च २०१२ मध्ये पाटण्यात महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताने इराणला २५-१९ असे नमवले. या संघातील महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या तिघींना राज्य शासनाने प्रत्येकी १ कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. मुंबईच्या अभिलाषा म्हात्रे २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत इराणला ३१-२१ असे हरवणाऱ्या सुवर्णविजेत्या संघातही होत्या आणि २०१५ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे २०१८ मध्ये जकार्तात इराणने २७-२४ अशी परतफेड केली आणि २०२३ मध्ये हांगझूत भारताने चायनीज तैपेईला २६-२५ अशा एका गुणाने हरवून सुवर्णपदक परत मिळवले. पारितोषिकाची मोठी रक्कम एकदा मिळते. कराराची रक्कम दर हंगामात मिळते. कबड्डीपटू स्त्रीला पहिली मिळाली, दुसरी मिळाली नाही.

करार मिळण्याची एक संधी आली होती. २६ जुलै २०१४ रोजी पुरुषांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, तिच्याच जोडीने महिलांची तीन संघांची मालिका घेण्यात आली, ज्यातील आइस दिवाज संघाचे नेतृत्व अभिलाषा म्हात्रे यांच्याकडे होते. हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला २४-२३ असे हरवले, म्हणजे निकाल शेवटच्या क्षणापर्यंत लांबला होता आणि खेळात रंगत कमी होती असे कोणी म्हणू शकत नव्हते. तरीही ती मालिका त्या एका हंगामानंतर पुढे चालली नाही. पुरुषांच्या लिलावात २०१८ मध्ये एका चढाईपटूवर १ कोटी ५१ लाख रुपयांची बोली लागली. त्याच वेळी आशियाई पदक मिळवणाऱ्या महिला आपल्या कार्यालयांत रजेचे अर्ज भरत होत्या.

उपनगरी मुलीच्या वाट्याला करार आला तो क्रिकेटमधून. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षी पुण्यात झालेल्या पहिल्या आंतरराज्य स्पर्धेत मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश हे तीनच संघ होते, आणि तेथेही दीर्घकाळ रेल्वेनेच खेळाडूंना आधार दिला. पश्चिम रेल्वेत अधिकारी राहिलेल्या मुंबईच्या डायना एडुलजी यांनी रेल्वेचा महिला संघ उभा राहावा म्हणून केलेले प्रयत्न या इतिहासात महत्त्वाचे आहेत. २००६ मध्ये महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले, २०१५ मध्ये प्रथमच महिलांना वार्षिक करार मिळाले, २०२२ मध्ये सामना मानधन पुरुषांइतके करण्यात आले आणि १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत झालेल्या महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात भांडुपमध्ये बालपण गेलेल्या जेमिमा रॉड्रिग्ज यांच्यासाठी दिल्लीच्या संघाने २ कोटी २० लाख रुपये मोजले. महाराष्ट्राच्या वयोगटातील हॉकी संघातूनही खेळलेल्या जेमिमा यांनी ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात नाबाद १२७ धावा केल्या. नोकरीऐवजी करारावर उभी असलेली ही कारकीर्द स्पॅनिश बास्केटबॉलपटूच्या कारकिर्दीला सर्वांत जवळची आहे. भारतीय बास्केटबॉलमध्येही असा प्रयत्न झाला नाही असे नाही : दक्षिण रेल्वेच्या गीतू अॅना जोस ऑस्ट्रेलियातील क्लबकडून खेळल्या आणि २०११ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या संघांपुढे त्यांनी चाचण्या दिल्या. पण परत येऊन पाय टेकायला त्यांच्याजवळ रेल्वे होती, आणि महिला बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेतही रेल्वेचेच पारडे जड राहिले आहे.

करार हा सर्व दुखण्यांवरचा इलाज मानणेही इतिहासाला धरून होणार नाही. व्हॅलेन्सियाच्या रोस कासारेस या संघाने २०१२ मध्ये युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धा जिंकली आणि प्रायोजक मागे हटल्यामुळे त्याच उन्हाळ्यात हा विजेता संघ बंद झाला. त्या खेळाडूंनी नवे क्लब शोधले, कारण खंडभर लीग होत्या. घाटकोपरच्या कबड्डीपटूला असा दुसरा क्लब शोधायची सोय नाही, आणि तिचा जुना आधारही आकसतो आहे. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली आणि मुंबईच्या मैदानावरचे तिचे नाव पुसले गेले. इतर आस्थापनांतही कायम नोकरीऐवजी मुदतीच्या विद्यावेतनावर खेळाडू घेण्याकडे कल वाढला आहे. राज्य शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले, १ जुलै २०१६ रोजी त्याचे निकष सुधारले आणि पुढे बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यावर पडताळणी कडक केली. त्यामुळे उपनगरांतील मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या कामात आता एका नव्या कामाची भर पडली आहे : मुलगी खेळली त्या प्रत्येक स्पर्धेचे कार्यक्रमपत्रक, गुणपत्रिका आणि संघनोंद जपून ठेवणे, कारण भरतीच्या वेळी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात तिला त्या मैदानावर आपण खरोखर उतरलो होतो हे कागदावर सिद्ध करावे लागते.